वाढलेली बॅटरी

झाडांचे डोळे यंदा लवकर फुगायला लागले, आणि मुकादमाचे डोळे मोठे झाले. थंडी अजून पुरती सरली नव्हती. सकाळी गवतावरचं दव गोठलेलं असायचं, पण दुपारी असं ऊन पडायचं की अंगातला स्वेटर काढून कमरेला बांधावा. झाडाला तेवढं ऊनच कळतं. फांदीवरचे डोळे फुटायच्या आत छाटणी उरकली नाही, तर वर्षभराच्या फळावर पाणी सोडायचं. म्हणून मालक मुकादमाच्या मागे, मुकादम टोळीच्या मागे, आणि टोळीच्या मागे-पुढे दुसरं कोणी नसल्यामुळे टोळी झाडांच्या मागे लागली होती.

टोळीत सगळ्यात चांगला हात कात्रीबाईचा. तिला हे नाव मुकादमानेच दिलेलं. ती झाडासमोर उभी राहायची, मान जराशी कलती करून एकदा वरपासून खालपर्यंत बघायची आणि मग थांबायची नाही. कुठली फांदी फळ धरणार, कुठली नुसती पानं मिरवणार, कुठल्या डोळ्याच्या किती वर कापायचं, हे तिला विचार न करता कळायचं. तिचा नवरा तिच्याच ओळीत असायचा. जाड फांद्या करवतीने काढायच्या, खाली पडलेलं गोळा करायचं, तिने सांगितलेलं कापायचं. कामचुकार मुळीच नव्हता. पण एकट्याने झाडापुढे उभा राहिला, की परीक्षेला बसल्यासारखा दिसायचा.

हातकात्री वर्षानुवर्षं दाबून कात्रीबाईचं मनगट गेलं होतं. मग उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट सकाळी अडकायला लागलं. वाकलं की वाकलेलंच. दुसऱ्या हाताने ओढून सरळ करायचं, तेव्हा आत कट् असा आवाज व्हायचा आणि तिच्या डोळ्यात पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, "दाबायचं काम बंद करा." आता छाटणीवालीला दाबायचं काम बंद करा म्हणणं म्हणजे काय, हे डॉक्टरांना कुठून कळणार? शेवटी दोघांनी मशीनची कात्री घेतली. कात्री हातात, बॅटरी पाठीवरच्या पिशवीत, खांद्यावरून वायर. बोटाने चाप नुसता ओढायचा, की फांदी काकडीसारखी तुटते. दोन हंगाम तिचं बोट जवळजवळ बरं होतं. ती म्हणायची, "मशीन घेतलं नाही, हात घेतला."

तोच हात आता दुपारच्या आत थकायला लागला होता.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच कात्री फांदीत अर्धी रुतून थांबली. तिने चाप सोडला, पुन्हा ओढला. मशीन कण्हल्यासारखं वाजलं आणि गप्प झालं.

"उतरली?" नवऱ्याने विचारलं.

"उतरली."

"सकाळी तर पूर्ण भरलेली होती."

"अहो, ती भरल्यासारखं दाखवते. आत काही राहतच नाही."

तिने पिशवीतून जुनी हातकात्री काढली. तेवढ्यात शेजारच्या ओळीतून मुकादम आलाच. त्याचं नाक फार तीक्ष्ण. फुकट गेलेल्या वेळेचा त्याला वास यायचा.

"वहिनी, परत हातकात्री?"

"मशीनला जरा विश्रांती."

"मशीनला विश्रांती कसली? ते काय माणूस आहे?" मुकादम हसला, पण तोंडानेच. "हे बघा, परवापासून आपण टेकडीवरच्या बागेत. तिथला मालक म्हणतो, मशीनवालेच आणा. तुमची बॅटरी धड नसेल तर मला उद्या संध्याकाळच्या आत सांगा. दुसरं एक जोडपं माझ्या मागेच लागलंय. तुम्ही मग खाली फांद्या गोळा करा. कामाला कोणी नाही म्हणत नाही."

फांद्या गोळा करणाऱ्यांना निम्मी मजुरी मिळायची. पण मजुरीचं तेवढं नव्हतं. एकदा का मुकादमाने बाईला गोळा करणाऱ्यांत घातलं, की तो तिला परत कात्री देत नसे. तिथे गेलेल्या तिघीजणी तिला ठाऊक होत्या. चांगल्या छाटणीवाल्या होत्या एकेकाळी. आता वाकून वाकून त्यांना वर बघायची सवयच राहिली नव्हती. कात्रीबाईला त्यांच्यात जायचं नव्हतं. तिला झाड बघता येत होतं आणि ते तिला सोडायचं नव्हतं. तिला जगात दुसरं काहीच इतकं चांगलं येत नव्हतं.

संध्याकाळी नवरा-बायकोने ठरवलं, की उद्या बॅटरी घरीच ठेवायची. सकाळपासून सलग चार्जिंगला लावायची, मध्ये काढायची नाही. कदाचित नीट भरली तर नीट चालेल. नवऱ्याने आईला चार्जरजवळ बसवून सगळं समजावलं.

"आई, हे चार दिवे बघ. एकेक लागत जाईल. चारही लागले की मला फोन कर."

"आणि नाही लागले तर?"

"लागतील गं."

"मी आपलं विचारलं."

आता म्हातारीबद्दल सांगायला हवं. बोलण्यात ती फार जपून असायची. संपलं, मेलं, विझलं, फुटलं हे शब्द तिच्या घरात वर्ज्य. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. बांगडी फुटली तरी ती वाढली. इतपत पुष्कळजण बोलतात. म्हातारीने मात्र हा शब्द घरभर नेला होता. चप्पल तुटली की चप्पल वाढली, नळ बंद पडला की नळ वाढला. एकदा शेजारणीने, तुमच्या सुनेचं काम वाढलं म्हणे, अभिनंदन, असं येऊन सांगितलं होतं, तेव्हा सून तीन दिवस घरी बसून होती.

दुसऱ्या दिवशी बागेत चारी बाजूंनी मशीनं घुरघुरत होती. दुपारी नवऱ्याचा फोन वाजला. त्याने एक कान बोटाने बंद केला.

"अरे, तुझी ती बॅटरी वाढली," आई म्हणाली.

"वाढली?" तो ओरडला.

"वाढली म्हणजे वाढलीच. मी काही हातबित लावला नाही हं."

"बरं झालं! आता काढून ठेव!"

जन्मापासून आईचं बोलणं ऐकलेला माणूस. पण ज्याला जे ऐकायचं असतं, तेच त्याच्या कानात शिरतं. तो तसाच धावत मुकादमाकडे गेला. पलीकडे झाडावर चढलेल्या बायकोला त्याने लांबूनच अंगठा दाखवला. मुकादमाने तिथल्या तिथे त्या दुसऱ्या जोडप्याला फोन लावला आणि नाही म्हणून सांगून टाकलं.

संध्याकाळी दोघं घरी आली तेव्हा चार्जरवर एकही दिवा नव्हता. खोलीत जळक्या प्लॅस्टिकचा वास होता. बॅटरी टेबलावर, खाली टॉवेल घालून ठेवलेली.

कात्रीबाईने बटण दाबून बघितलं. काही नाही. तिने नवऱ्याकडे वळून विचारलं, "आईंनी फोनवर नेमका कोणता शब्द वापरला?"

नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.  मग एकदम आईवर घसरला.

"तू म्हणालीस वाढली!"

"मग? दोन दिवे लागले, तिसरा लुकलुकला आणि सगळेच वाढले. तेच सांगितलं तुला."

"आई, बॅटरीला कोणी वाढली म्हणतं का? बॅटरी वाढली म्हणजे भरली!"

"मला काय माहीत तुमच्यात काय म्हणतात! माझ्या तोंडून वाईट शब्द यावा अशी तुझी इच्छा आहे का?"

"हो! एकदा तरी!"

म्हातारी उठून उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज नाही. "मेली," ती म्हणाली. "मेली, मेली, मेली. झालं समाधान?" आणि आत निघून गेली.

कात्रीबाईला हसू येत होतं आणि हसावंसं वाटत नव्हतं. ती भिंतीला टेकून खाली बसली. दिवसभर हातकात्री चालवून बोट ठणकत होतं. नवरा दारात उभा राहून बाहेर बघत होता. मुकादमाला आता खरं सांगायचं म्हणजे, त्याने ज्यांना नाही म्हटलं त्यांची परत मनधरणी त्यालाच करावी लागणार. असं तोंडघशी पाडणाऱ्या माणसांना तो दुसऱ्या हंगामात ओळख देत नसे.

टेकडीवर दुसऱ्याच सकाळी पोचायचं होतं, म्हणून दोघं त्याच पावली दुरुस्तीवाल्याकडे गेली. दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतीभर ड्रिल, करवती, गवत कापायची मशीनं. सगळी धडधाकट, सगळी गप्प. दुरुस्तीवाल्याने बॅटरी हातात घेतली, उलटी केली आणि मान हलवली.

"दादा, हे मॉडेल बंद झालं."

"मशीन तर चांगलं आहे," नवरा म्हणाला.

"मशीन चांगलंच आहे हो. मशीन तुमच्या नातवाला पुरेल. पण ही बॅटरी आता बनत नाही. नवी येते तिचं तोंड वेगळं. ती ह्यात बसत नाही."

"मग?"

"मग नव्या बॅटरीसाठी नवं मशीन घ्या." त्याने किंमत सांगितली. नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही.

"तोंड बदलायचं काय अडलं होतं कंपनीचं?" कात्रीबाई म्हणाली.

"ताई, तो प्रश्न मी रोज विचारतो. मला उत्तर मिळालं तर तुम्हाला सांगेन." मग त्याने आवाज जरा खाली आणला. "एक करता येईल. हे खोकं उघडून आतले सेल बदलून देतो. खोकं तुमचंच, जीव नवा. पण सेल मागवावे लागतील. आठवडा जाईल. आणि पैसे आधी."

मागच्या खोलीवरचा गंजका, गळका पत्रा बदलायला ठेवलेले पैसे होते. ते गेले. त्या खोलीत म्हातारी झोपायची. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझी खाट सरकवा. आभाळ काय खाटेच्या मागे मागे येतंय?"

राहिला प्रश्न त्या आठवड्याचा. डोकं नवऱ्याने चालवलं. चालवलं नसतं तर बरं झालं असतं, असं तो नंतर कितीतरी वेळा म्हणाला. पिशवी नेहमीसारखी पाठीवर घ्यायची, वायर नेहमीसारखी खांद्यावरून सोडायची, मशीन कमरेला अडकवायचं, आणि काम हातकात्रीने करायचं. रिकामी पिशवी लोंबते, म्हणून तिच्यात काहीतरी वजनदार हवं. म्हातारीने दाराला लावायची वीट जुन्या फडक्यात गुंडाळून दिली.

"वीट जड होईल हो तिला," नवरा म्हणाला.

"बॅटरी काय कापसाची होती?" कात्रीबाई म्हणाली आणि तिने पट्टे खांद्यावर चढवले.

टेकडीवरची बाग उतारावर होती. पायाखालची माती सकाळी कडक आणि दुपारी निसरडी. कात्रीबाई आणि नवरा मुद्दाम मधली ओळ धरून होते. दोन्हीकडे मशीनं चालू, त्या घुरघुरीत आपलं मौन खपून जावं एवढीच अपेक्षा. ती झाडाकडे बघायची, डाव्या हाताने फांदी धरायची आणि उजव्याने दाबायची. बारीक फांद्या होत्या तोवर ठीक. अंगठ्याएवढी फांदी आली की कात्री दोन्ही हातांनी धरून, पोटाशी घेऊन, सगळं अंग घालून दाबायला लागायचं. शेजारचे मशीनवाले पुढे निघून जायचे. मग ती जेवणाच्या सुट्टीत उभ्या उभ्या घास पोटात ढकलून त्यांना गाठायची. पाठीवर वीट. पट्टे खांद्यात रुतायचे. एकदा वाकताना ती वीट मानेच्या हाडावर अशी बसली की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"दे इकडे कात्री. मी कापतो. तू नुसतं सांग," नवरा म्हणायचा.

"सांगण्यात वेळ जातो. तुम्ही करवत चालवा."

तिसऱ्या दिवशी मुकादम ओळीत आला आणि बराच वेळ तिच्या मागे उभा राहिला. तिने कात्री पदराआड घेतली. पंचेचाळिशीची बाई, आणि चोरी पकडल्यासारखी उभी. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि मग लाज वाटल्याचा राग आला.

"वहिनी," मुकादम म्हणाला, "तुमचं मशीन फार शांत चालतं."

"काम आवाजाने होत नाही."

"ते खरं." त्याने कापलेल्या एका फांदीच्या टोकावरून बोट फिरवलं. काप स्वच्छ होता. "ओळ वेळेत संपली की मला कान नाहीत. नाही संपली तर मला कान आहेत."

तो गेला. नवऱ्याने सुटकेचा श्वास टाकला. कात्रीबाईने मात्र पट्टा खांद्यावर नीट केला आणि पुढची फांदी धरली. आता त्याला माहीत होतं, आणि माहीत असूनच तो तिच्याकडून मशीनइतकं काम घेणार होता. खोटं उघडं पडलं असतं तर निदान वीट तरी उतरवता आली असती.

संध्याकाळी घरी आल्यावर म्हातारी पातेल्यात कोमट पाणी घेऊन बसायची. सुनेचा हात पाण्यात घेऊन हळूहळू चोळायची. मनगट सुजून बांगडीपेक्षा जाड झालं होतं.  एकदा म्हातारी म्हणाली, "माझ्या जिभेनं घात केला गं तुझा."

"तुमच्या जिभेनं नाही, आई. बॅटरीच मेलेली होती. तुम्ही काहीही म्हणाला असता तरी मेलीच असती."

"तरी पण."

"त्यांनी नीट विचारलं असतं तर..." ती बोलता बोलता थांबली. नवरा पलीकडे कात्रीला धार लावत बसला होता. त्याने मान वर केली नाही. ती त्याला रागावली नव्हती. रागवायलाही अंगात काहीतरी उरावं लागतं.

रोज सकाळी बोट जास्त अडकत होतं. आधी ओढलं की सुटायचं. मग ओढून, दाबून, चेपून सुटायचं. ती हे कुणाला सांगत नव्हती. बॅटरी येईपर्यंतचा प्रश्न आहे, चाप ओढायला काय लागतं, एक बोट तर लागतं, असं ती स्वतःला सांगत होती. आणि ओळी वेळेत संपत होत्या. टेकडीवरच्या मालकाने तिची झाडं बघून, ही ओळ कोणाची, असं विचारल्याचं कुणीतरी येऊन सांगितलं. तिला त्या थकव्यातही बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

आठवड्याने बॅटरी आली. नवरा ती दोन्ही हातांत धरून घेऊन आला. चार्जरला लावली तर चारही दिवे लागले. म्हातारी बघत उभी होती. तिने तोंड उघडलं आणि नवरा म्हणाला, "आई, तू काही बोलू नकोस." तिघंही हसले. कितीतरी दिवसांनी त्या घरात तिघं एकदम हसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कात्रीबाई उठली तेव्हा बोट तळव्यात मिटलेलं होतं. तिने ओढलं. सुटलं नाही. कोमट पाण्यात धरलं, चोळलं, दातांत पदर धरून जोराने ओढलं. नवऱ्याला म्हणाली, "वाटेत सुटेल." वाटेत सुटलं नाही.

ओळीच्या तोंडाशी नवऱ्याने पिशवी तिच्या पाठीवर चढवली आणि बटण दाबलं. मशीन पहिल्या दिवसासारखं घुरघुरलं. तिने मशीनची मूठ हातात घेतली. बोट चापावर जायला सरळ व्हायला हवं, आणि ते सरळ होत नव्हतं. मधलं बोट घालून बघितलं तर मनगटातून खांद्यापर्यंत कळ गेली आणि मशीन हातातून निसटून वायरला लोंबायला लागलं. डाव्या हाताने धरलं तर फांदी धरायला उजवा हात पुढे करावा लागत होता, आणि पातं त्याच हाताच्या इतक्या जवळून मिटलं की नवरा ओरडलाच.

"थांब! बास!"

दोन्हीकडची मशीनं पुढे चालली होती. खालून मुकादम वर बघत उभा होता.

कात्रीबाईने पट्टे सोडले. पिशवी उतरवली आणि नवऱ्यामागे जाऊन त्याच्या खांद्यावर चढवायला लागली. त्याला पट्टे आखूड होत होते.

"अगं, मला झाड कळत नाही," तो हळूच म्हणाला.

"मी दाखवते. तुम्ही चाप ओढा." तिने डाव्या हाताने आणि दातांनी पट्टे सैल केले, मग वायर सरळ केली. "हात खाली धरू नका. मनगट दुखेल."

तो पहिल्या झाडापुढे उभा राहिला. ती त्याच्या बाजूला आली, मान जराशी कलती करून तिने झाड वरपासून खालपर्यंत बघितलं. तिला सगळं दिसत होतं, नेहमीसारखं. वरची सरळसोट वाढलेली फांदी काढायची, तिच्याखालची आडवी ठेवायची. आडवीवरच सगळं फळ येणार होतं. तिने सवयीने उजवा हात उचलला आणि बोट दाखवलं.

"ती."

बोट वाकडंच होतं. तिने दाखवलं वर, आणि बोटाने दाखवलं खाली. नवऱ्याने बोट बघितलं आणि चाप ओढला. आडवी फांदी एका झटक्यात तुटून तिच्या पायाशी पडली. टपोऱ्या, नुकत्याच फुगायला लागलेल्या डोळ्यांनी भरलेली.

"बरोबर ना?" त्याने विचारलं. मशीन सुरू झाल्याच्या आनंदात त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता.

"बरोबर," ती म्हणाली. तिने उजवा हात पदरात गुंडाळून घेतला. मग खाली वाकून डाव्या हाताने ती फांदी उचलली आणि मुकादमाला दिसू नये म्हणून कालच्या फांद्यांच्या ढिगाच्या अगदी तळाशी सरकवून दिली.